हुसेनचाचांचे दोन पाट

विमान चावून बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

सकाळी सातच्या सुमाराला हुसेनचाचा विमानापाशी यायचे, टोपी काढून खिशात घालायचे, गुडघ्यांवर बसायचे आणि चाकाजवळची रबराची जाड दोरी दाढेखाली धरून चावायचे. मग डोळे मिटून थोडा वेळ गप्प. "जित्तं हाय," म्हणाले की विमान उडायला मोकळं. "मेलंय," म्हणाले की ते रबर काढून फेकायचं आणि स्टोअरमधून नवं मागवायचं. स्टोअर म्हणजे मी. चाचा मला हाकही तशीच मारायचे, "ओ स्टोअर!"

त्यांच्या तोंडात तेव्हा एकूण नऊ दात होते. एवढ्या सामग्रीवर एक अख्खं विमान चार वर्षं हवेत राहिलं.

ही साठ सालानंतरच्या दुबईची गोष्ट. अमिराती हे नावही तेव्हा जन्माला आलं नव्हतं. देरा नावाच्या वस्तीत खाडीच्या काठाला गलबतं लागायची आणि विमानतळ म्हणजे दाबून बसवलेली वाळू. आमची कंपनी म्हणजे तेलासाठी वाळवंट मोजत हिंडणारे आठ-दहा गोरे साहेब आणि एक लहानसं विमान. मी चिपळूणचा, मॅट्रिक पास, टायपिंगचा स्पीड चाळीस, आणि आपण कंपनी चालवतो अशी पक्की समजूत असलेला तेवीस वर्षांचा गाढव. चाचा दाभोळच्या खाडीवरचे. बाप आणि आजा मचव्यावर खलाशी. चाचांनी मात्र मुंबईच्या गोदीत इंजिनं खोलायला शिकून घेतली आणि तिथून ते इकडे आले. देरातल्या एका खोलीत आम्ही सहा जण राहायचो, आणि त्यांची वळकटी माझ्या वळकटीला लागून असायची.

माझी आणि त्यांच्या दातांची पहिली गाठ एका फॉर्मवर पडली. नवं रबर द्यायचं तर जुनं का टाकलं त्याचं कारण लिहावं लागे. मी विचारलं, "चाचा, कारण काय लिहू?"

"दाताला बरं लागत नाय."

"असं कसं लिहायचं?"

"मग लिही, दाताला वाईट लागतं."

मी ते इमानदारीत इंग्रजीत टाइप केलं. महिन्याभराने हेड ऑफिसातून विचारणा आली की तपासणीसाठी वापरलेलं हे 'टूथ' नावाचं उपकरण कोणत्या मेकचं आहे आणि त्याचे सुटे भाग मिळतात का. चाचांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "लिही, मिळत असतील तर वरचे चार पाठवा."

विमान हे त्यांच्या लेखी होडीचंच एक धाकटं, उतावळं भावंड होतं. "हवा म्हणजे काय? पातळ पाणी," हे त्यांचं आवडतं वाक्य. विमानाच्या शेपटीला ते सुकाणू म्हणत, पंखांना शीड, आणि पायलटला तांडेल. आमचा पायलट ओल्सेन नावाचा, बर्फाच्या देशातून आलेला, सहा फूट उंच आणि उन्हाने उकडलेल्या कोळंबीच्या रंगाचा माणूस होता. चाचांच्या तोंडी त्याचं 'आळशीसाहेब' झालं. साहेबाला वाटायचं हा काहीतरी मानाचा किताब आहे, आणि मी त्याचा गैरसमज कधी दूर केला नाही. तो चाचांना 'कॅप्टन' म्हणायचा. दोघांची भाषा एक नव्हती, पण इंजिनापाशी उभे राहून दोघंही तासन् तास आपापल्या भाषेत बोलायचे आणि भांडण मात्र कधी व्हायचं नाही. भांडण व्हायला भाषा कळावी लागते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

आता त्या पाटांकडे येतो.

वाळवंटात समुद्राच्या बाजूला सबखा म्हणून खारी जमीन असते. वरून पापडासारखी कोरडी दिसते आणि पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत. त्या हिवाळ्यात चार सरी पडल्या आणि आमच्या कॅम्पजवळ विमानाची चाकं रुतायला लागली. दोनदा उंटांनी ओढून काढलं. तेव्हा ओल्सेनला आठवण झाली की विमान सेकंडहँड घेतलं होतं ते त्याच्याच देशातून, आणि त्याच्याबरोबर एक लांबलचक खोकंही आलं होतं. ते माझ्या स्टोअरच्या पत्र्याच्या शेडमध्ये पडून होतं आणि मी त्यावर बसून रोज डबा खात असे.

खोकं उघडलं. आत दोन स्की. बर्फावर विमान उतरवायला चाकांच्या जागी बसवतात त्या आठ आठ फूट लांब, पुढून नाक वर वळलेल्या फळ्या. बर्फावर चालतं ते चिखलावर का चालू नये, असं ओल्सेनचं म्हणणं. मीही मोठ्या अकलेने मान डोलावली. बर्फ मी फक्त सरबतात पाहिला होता.

चाचा दोन्ही फळ्यांभोवती फिरले आणि म्हणाले, "हे तर पाट! दोन मांडलेत, नवरा-नवरी कुठं हाय?"

तेव्हापासून ते पाट. साहेबसुद्धा 'पाट' म्हणायला लागला.

पाटात एकच गोम होती. विमान हवेत असताना पाटाचं नाक वर उचललेलं राहावं म्हणून पुढून तीच ती रबराची दोरी बांधलेली असते. ती तुटली की नाक खाली लोंबतं, आणि तसंच उतरायला गेलं तर पाट जमिनीत घुसतो आणि विमान कोलांटी खातं. चाचांनी हे एका नजरेत ओळखलं. त्यांनी काय केलं, तर रबराच्या जोडीला काथ्याची एक तिहेरी दोरी जरा सैल अशी बांधून टाकली. रबर गेलं तर ही आहे. ओल्सेनने पुस्तक उघडून दाखवलं. पुस्तकात काथ्या नव्हता. "पुस्तकात नाही ते विमानावर नाही, कॅप्टन," म्हणाला आणि दोरी काढायला लावली.

दुसऱ्या दिवशी चाचा माझ्याकडे लोखंडाला लावायच्या रुपेरी रंगाचा डबा मागायला आले.

"कशाला?"

"कायतरी गंजलंय."

मी डबा दिला, सही घेतली आणि विसरलो. त्यांची वळकटी तेव्हापासून काथ्याच्या दोरीऐवजी जुन्या लुंगीच्या चिंधीने बांधलेली दिसायची. तेही पाहिलं आणि विसरलो. माझं लक्ष त्या काळी फक्त माझ्याकडे असे.

चाचांना लिहिता-वाचता येत नसे. महिन्यातून एका शुक्रवारी ते नमाजाहून आले की माझ्यासमोर मांडी घालून बसायचे आणि घरी पत्र सांगायचे. घरी म्हणजे बायकोला. मूलबाळ नव्हतं. बायकोचं नाव जैनब, पण ते त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. "घरात लिही," एवढंच. मग माडाला पाणी, शेजाऱ्याची शेळी, ओट्याचा चिरा, विमानाचं इंजिन, आळशीसाहेबाचं पोट, असं तासभर चालायचं. आणि अगदी शेवटी, दर महिन्याला, न चुकता: "आणि लिही, दोरी अजून चावलेली नाय."

"चाचा, या वाक्याला काही अर्थ आहे का?"

"तू लिही."

मी काही ते लिहीत नसे. मला शाळेत निबंधाला बक्षीस मिळालेलं होतं. थोडक्यात आणि मुद्देसूद लिहावं, हा माझा बाणा. चाचा चाळीस वाक्यं सांगायचे, मी त्यातली निवडक सात लिहायचो. दोरीचं वाक्य पहिल्या पत्रापासूनच गाळलं होतं, कारण ते मुद्द्याला सोडून होतं. वर पत्र पुरं झालं की मी ते त्यांना वाचूनही दाखवत नसे. त्यांनी एकदाही तसं सांगितलं नाही. एवढा भरवसा.

त्या वर्षी चाचांनी ईदेला घरी जायचं कबूल केलं होतं. चार वर्षांत पहिल्यांदा. पण पाट नुकतेच बसवायला घेतले होते, आणि पाटांना हात लावणारा दुसरा माणूस नव्हता. म्हणून पत्र लिहायला बसले. पाट म्हणजे काय, कुठून आले, कसे दिसतात, का लागतात, हे त्यांनी पाऊण तास समजावून सांगितलं. मी नेहमीप्रमाणे त्याचं सार काढलं. ते पत्र मला आजही तोंडपाठ आहे:

'इकडे पाट लावण्याचे ठरले आहे. साहेबाने फारच आग्रह केला. एक नव्हे, दोन आहेत. दोन्ही गोऱ्या लोकांच्या मुलुखातून आले असून उंच व सडपातळ आहेत. येथील ऊन सोसत नाही म्हणून रोज तेल लावावे लागते. माझ्याखेरीज त्यांना कोणी हात लावू नये असा साहेबाचा हुकूम आहे. सबब त्यांची नीट व्यवस्था लागेपर्यंत ईदेस येणे होणार नाही. कळावे.'

वाचून मलाच समाधान वाटलं. एकही शब्द जादा नव्हता.

एरवी दुसऱ्या-तिसऱ्या बोटीने उत्तर यायचं. या वेळी आलं नाही. तिसरी बोट गेली, चौथी गेली. चाचा पोस्टात खेपा घालायचे आणि परत येऊन म्हणायचे, "माडाला पाणी लागत असेल. वेळ नसेल." मग आम्ही विमानाबरोबर सबखावरच्या कॅम्पवर राहायला गेलो. तिथे एका संध्याकाळी सामानाच्या ट्रकबरोबर एक पाकीट आलं. चाचांच्या गावच्या पाध्ये मास्तरांचं. ते शाळा चालवायचे, पोस्टही सांभाळायचे आणि आमची पत्रं तेच वाचून दाखवायचे.

मी तंबूबाहेर उभं राहून मोठ्याने वाचायला लागलो.

'रा. हुसेनभाई यांस, आपण तिकडे पाट लावल्याचे, व तेही दोन, असे पत्र मीच वाचून दाखविले. जैनबबाईंनी ते मला तीन वेळा वाचावयास लावले. पुढे काही बोलल्या नाहीत. दुसरे दिवशी घरास कुलूप घालून, किल्ली मजपाशी देऊन, बाणकोटास भावाकडे गेल्या. ईदेपर्यंत आपली वाट पाहावी व त्यानंतर निकाहातून मोकळीक मागावी असे त्यांच्या भावाचे म्हणणे आहे. बाईंचा निरोप एवढाच की, दोघींना रोज तेल लावता हे बरे करता. उन्हाचा देश आहे.'

"कोण दोघी?" चाचांनी विचारलं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. पाट लावणं म्हणजे दुसरेपणी घरोबा करणं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्याच आळीत दोन पाट लागलेले होते. चाचांच्या समाजात निकाह लागतो, पाट नाही. पण पत्र वाचणारे पाध्ये मास्तर होते, आणि तो अर्थ सगळ्या गावाला माहीत होता. दिवसरात्र विमानाचे पाट, विमानाचे पाट करता करता मीच तेवढा तो विसरून बसलो होतो. मी जमिनीकडे बघत एकेक शब्द करून सगळं सांगितलं. मी काय लिहिलं, काय गाळलं, आणि तिकडे त्याचं काय झालं. फक्त दोरीच्या वाक्याचं सांगितलं नाही, कारण ते महत्त्वाचं असेल असं तेव्हाही डोक्यात आलं नाही.

मला वाटलं चाचा मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते वाळूवर खाली बसले आणि म्हणाले, "आमच्यात चार चालतात, हे जगाला माहीत. माझ्यात एकच चालते, हे फक्त तिला माहीत होतं."

"चाचा, आपण तार करू. मी आत्ता मजकूर लिहितो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू लिहिणार?"

"हो."

"नको," म्हणाले.

ईदेला अकरा दिवस होते. मुंबईची बोट दुसऱ्या दिवशी दुपारी दुबईहून सुटणार होती, आणि त्यानंतरची पंधरा दिवसांनी, म्हणजे उपयोग नाही. ट्रकने दुबईला पोचायला दोन दिवस लागायचे, विमानाने एक तास. ओल्सेनला सगळी हकीकत मी इंग्रजीत सांगितली. 'पाट' या शब्दापाशी पुष्कळ अडखळलो. तो आधी हसला, मग चाचांचं तोंड बघून थांबला आणि म्हणाला, "उद्या सकाळी. कॅप्टनला सांग, बॅग भर."

"आणि तू पण चल, स्टोअर," चाचा म्हणाले. "बोटीत जागा नाय म्हणाले तर इंग्रजीत भांडायला कोणतरी हवा."

सकाळी चाचा रोजच्यासारखे पाटापाशी बसले. डावं रबर चावलं. जित्तं. उजवं चावलं. या वेळी डोळे जरा जास्तच वेळ मिटलेले राहिले. खरं म्हणजे ते रबर मीच दिलेलं होतं. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर भाजून निघालेलं, पण चिठ्ठीवर 'नवीन' छापलेलं, म्हणून मी चाचांशी वाद घालून ते त्यांच्या गळ्यात मारलं होतं. मी विचारलं, "काय म्हणतंय?"

"चालंल," चाचा म्हणाले.

जित्तं नाही आणि मेलंयही नाही. चार वर्षांत 'चालंल' हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. शंका यायला हवी होती. मला वाटलं, माझं स्टोअर अखेर त्यांना पटलं.

अर्ध्या वाटेवर, खाली समुद्राची कड दिसत असताना, उजव्या बाजूला बंदुकीचा बार झाल्यासारखा आवाज झाला आणि विमानाने एकदम उजवीकडे मान टाकली. ओल्सेनने दोन्ही हातांनी ते सावरलं आणि खिडकीतून खाली पाहिलं. उजव्या पाटापुढे रबराचे दोन तुकडे वाऱ्यावर फडफडत होते. माझ्या आठवणीत असलेले सगळे देव मी मोठ्या आवाजात बोलावले. त्यात पीरबाबाही आले असावेत, कारण चाचांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हटलं, "एवढ्या सगळ्यांना जागा नाय रे विमानात."

"चाचा, रबर गेलं."

"ठाऊक हाय. सकाळीच मेलेलं होतं."

"मग चालंल कशाला म्हणालात?"

"बोट आज हाय म्हणून," चाचा म्हणाले. "आणि नाक बघ."

मी डोळे उघडून बघितलं. पाटाचं नाक खाली झुकलं होतं, पण वीतभरच. तिथून पुढे जात नव्हतं. त्याला एका रुपेरी तारेने धरून ठेवलं होतं. ओल्सेनही त्या तारेकडेच बघत होता, आणि त्याच्या पुस्तकात ती तार कुठल्या पानावर आहे हे त्याला आठवत नव्हतं.

दुबईला तो धावपट्टीच्या दाबलेल्या वाळूवर गेलाच नाही. बाजूच्या मऊ वाळूवर, विमान जवळपास थांबल्यासारखं हळू करत, डावा पाट आधी टेकवून उतरला. उजवा टेकला, करकरला, वाळूत नांगर धरल्यासारखी एक लांब रेघ ओढत गेला, वाकला आणि थांबला. आम्ही तिघं तिरप्या विमानातून एकामागोमाग एक बाहेर घरंगळलो. मी वाळूला कपाळ लावलं. लोकांना वाटलं नमाज पढतोय.

ओल्सेन सरळ उजव्या पाटाकडे गेला. खिशातला चाकू काढून त्याने ती तार खरवडली. रुपेरी रंगाखालून तांबूस काथ्या बाहेर आला. मग त्याने ते पुस्तक काढलं, पाटाच्या चित्राचं पान उघडलं आणि पेन्सिलीने त्यात एक दोरी काढली.

मी चाचांना म्हटलं, "रबराचा भरवसा नव्हता, मग या दोरीचा कसा? ही तरी चावून बघितली होती का?"

"हिला कशाला चावू?" चाचा जरा रागावूनच म्हणाले. "शंका आली तर दोरी चावतात. ही घरातनं आलेली हाय. गाव सोडलं तेव्हा तिनं वळून दिली, वळकटी बांधायला. मी म्हटलं, जगातली एकूण एक दोरी मी चावून बघतो, पण ही नाय चावणार. ती हसली. म्हणाली, बघू, किती वर्षं राहता ते. पत्रात लिहीत जा."

मी तिथेच वाळूवर बसलो. मघाशी विमानात वाटली नव्हती एवढी भीती मला आता वाटली.

ओल्सेनने वाकलेला पाट काढून चाचांच्या हवाली केला. तो आता त्याच्या कामाचा नव्हता, आणि चाचांचं म्हणणं, "दाखवल्याशिवाय ती ऐकायची नाय." आठ फुटांचा पाट खांद्यावर घेऊन आम्ही दोघं देराच्या बाजारातून खाडीवर आलो. पुढचं टोक चाचांकडे, मागचं माझ्याकडे. होडीवाल्या अरबाने विचारलं, "हे काय, हबीबी?"

"माझी दुसरी बायको," चाचा गंभीरपणे म्हणाले.

होडीवाल्याने पाटाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि कोपऱ्यातली सावलीची जागा त्याला दिली.

धक्क्यावर बोटीची लाँच लागली होती. बोटीत जागा होती, त्यामुळे माझं इंग्रजी वाया गेलं. चाचांनी पाट आडवा ठेवला, टोपी नीट केली आणि मला म्हणाले, "पाट खोटा पडला की दोन शब्द बोलेल, गप्प होईल. मला त्याची फिकीर नाय. दोरीचं तिला ठाऊक हाय. दर महिन्याला तू लिहिलंस ते ऐकत होती ना, तेवढ्यावर ती माझी राहील. लिहिलंस ना दर वेळी?"

हो म्हणायला काहीच अडचण नव्हती. चाचा वाचू शकत नव्हते, जैनबचाची वाचू शकत नव्हत्या. पण माझ्याच्याने झालं नाही.

"नाही लिहिलं, चाचा. एकदाही नाही."

लाँचवाला "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत होता. चार वर्षं ती बाई दर महिन्याला पाध्ये मास्तरांसमोर बसून त्या एका वाक्याची वाट बघत होती, आणि ते येत नव्हतं. मग एक दिवस त्याच्याऐवजी दोन पाट आले. तिने ते खरं मानलं यात तिची काय चूक? सगळी चूक माझ्या मुद्देसूदपणाची. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मग तोंडानंच सांगीन," म्हणाले. "चार वर्षांचं एकदम. इन्शाल्ला." आणि पाट उचलून लाँचमध्ये चढले.

ईद गेली. बोटी आल्या नि गेल्या. आता पोस्टात खेपा घालायची पाळी माझी होती. एक ओळ आली नाही. खोलीत चाचांच्या जागेवर दुसरा कोणी वळकटी टाकायला लागला की मी भांडायला उठायचो.

आणि एका दुपारी चाचा खाडीच्या धक्क्यावर उतरले. वळकटी खांद्यावर, आणि वळकटीला काथ्याची कोरी करकरीत दोरी. पाट बरोबर नव्हता. "ओट्यावर टाकलाय," म्हणाले. "तिच्या ओट्यावर. त्यावर बसून दोरी वळते. म्हणते, सवत बसायला बरी हाय. दुसरी कुठं ठेवलीत, तीपण आणा." एवढं बोलून ते हसले तेव्हा दिसलं, दात सातच राहिले होते.

मग खिशातून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. अक्षर पाध्ये मास्तरांचं, पण मजकूर जैनबचाचींचा. माझ्या नावाने आलेलं. मी धक्क्यावरच फोडलं. आत दोनच ओळी होत्या. मुद्देसूद.

'हे सांगतील तेवढे सगळे लिहीत जावे. आपल्या मनाने कमी करू नये.'

त्या शुक्रवारी चाचा नमाजाहून आले आणि माझ्यासमोर मांडी घालून बसले. माड, शेळी, ओटा, आळशीसाहेबाचं पोट, सगळं झालं. सहा पानं भरली, माझा हात दुखायला लागला.

"झालं, चाचा?"

"आणि लिही," ते म्हणाले, "नवी दोरी पण चावलेली नाय."

मी लिहिलं, आणि चार वर्षांत पहिल्यांदाच सगळं पत्र त्यांना वाचून दाखवलं.